हिरव्या पिशवीचे वाकडे टाके

मी एक जुनी हिरवी पिशवी आहे. मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, मी स्वभावाने भित्री आहे. माझे वय चारशेच्या घरात आले, पण या एवढ्या आयुष्यात धीटपणा काही अंगी लागला नाही. आजही दाराशी जड बुटांचा आवाज आला की माझे अस्तर आतल्या आत चुरगळते.

सध्या मी इंग्लंडमधल्या एका लहान गावाच्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत पडून असते. पेटीवर चिठ्ठी आहे : 'सर अँब्रोज केल्स्टन, कायदेपंडित आणि लोकसभासद, यांची कागदांची पिशवी.' शेजारच्या पेटीत एक रेशमी उशी आहे. तिच्यावर डाळिंबे आणि पाखरे भरलेली आहेत. परवा जुनी कापडे दुरुस्त करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी त्या उशीचे तोंडभरून कौतुक केले. मग मला उलटे करून पाहिले आणि नाक मुरडले.

"अस्तराची ही कड बघा," त्या बरोबरच्या माणसाला म्हणाल्या. "अर्धी उसवलेली आणि अर्धी कुणा अडाणी मोलकरणीनं कशीबशी टाचलेली. मी गुरुवारी येते. हे सगळं काढून टाकू आणि नीट शिवू."

त्या मनाने वाईट नाहीत. त्यांचे हात मऊ होते. पण त्या कात्री आणणार आहेत, आणि ते वाकडे टाके हीच माझी सगळी मिळकत आहे. म्हणून गुरुवारच्या आत मला माझी गोष्ट सांगून टाकायची आहे.

माझी लोकर उत्तरेकडच्या डोंगरातल्या मेंढ्यांची. तिथल्याच एका विणकराने मला विणले. आधी रानफुलांच्या पिवळ्या रंगात बुडवले, मग निळ्या रंगात, तेव्हा कुठे मी हिरवी झाले. दुसऱ्यांदा उकळत्या हौदात पडले तेव्हाच ही भीती माझ्या धाग्यात मुरली असावी. लंडनमधल्या चॅन्सरी लेन नावाच्या गल्लीत एका शिंप्याने मला तागाचे अस्तर लावले आणि दुकानाबाहेर टांगले. त्या काळी तिथले वकील आपले कागद हिरव्या पिशवीतूनच नेत. पिशवी दिसली की रस्त्यातले लोक वाट देत. काही जण आदराने देत आणि काही जण पुटपुटत शिव्या देत.

अँब्रोज केल्स्टन यांनी मला विकत घेतले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. ते खेड्यातल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याचे धाकटे चिरंजीव. अंगाने काटकुळे, बोटे लांब आणि कायम गार. त्या बोटांना एक विद्या होती. डोळे मिटून कागदाची कड चाचपली तरी तो कोणत्या गिरणीचा, किती जुना आणि एकेरी आहे की घडीचा, हे ते सांगत. माझ्या पोटात हात घालून न बघता नेमका हवा तो कागद काढत. तेव्हा मला त्या बोटांचा फार अभिमान वाटे.

त्यांचा पहिला मोठा खटला एका मेणबत्तीवाल्याचा. त्या माणसाला एकोणीस आठवडे कोंडून ठेवले होते. बायको रोज तुरुंगाच्या दाराशी जाऊन गुन्हा विचारी. "राजाचा हुकूम आहे," एवढेच उत्तर मिळे. भर न्यायालयात अँब्रोज उभे राहिले आणि म्हणाले, "हुकूम आहे हे कळलं. पण कशाबद्दल? कारण सांगा." न्यायाधीश एकमेकांकडे पाहू लागले. मी त्यांच्या काखेत होते. त्यांचे काळीज किती जोरात धडधडत होते ते मला ठाऊक आहे. आपला माणूसही भितो, हे मला त्या दिवशी कळले आणि जरा बरे वाटले.

त्या माणसाला सोडले. पुढची तीस वर्षे अँब्रोज यांनी तेच दोन शब्द धरून ठेवले : कारण सांगा. त्यांनी जुने कायदे खणून काढले, चारशे वर्षांपूर्वीच्या राजांनी दिलेली वचने धूळ झटकून लोकांपुढे ठेवली. ते लोकसभेवर निवडून गेले, सर झाले. परगण्या-परगण्यांतून लोक त्यांचा सल्ला घ्यायला येत. मलाही मान मिळू लागला. "ती बघा केल्स्टनांची पिशवी," असे लोक म्हणत, आणि मी भित्री असले तरी फुगायला मला काही हरकत नव्हती.

घरात आणखी दोन माणसे होती. एक त्यांच्या पत्नी अर्सुलाबाई. त्यांचे भरतकाम लंडनभर नावाजलेले होते. मोठमोठ्या घरच्या बायका त्यांच्याकडून टाके शिकायला येत. दुसरा जुना कारकून टोबायस हरेल. न्यायालयातले लांबलचक चामडी कागद एकाला एक शिवून गुंडाळी करतात, त्या कामात टोबायसचा हात कुणी धरत नसे. त्याचा धर्म एकच होता. तो म्हणे, "नक्कल जळाली तर दुसरी करता येते. अस्सल गेलं की गेलं." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. याच वाक्याने पुढे आमचे प्राण कंठाशी आणले.

मग ते वाईट वर्ष आले. राजाचे आणि लोकसभेचे बिनसले. सभा उठवण्याचा हुकूम निघाला, आणि राजाला नको ते बोललेल्या सभासदांची धरपकड होणार अशी कुजबुज सुरू झाली. त्याच दिवशी बारा सभासद आमच्या घरी जमले. अँब्रोज यांनी एक प्रतिज्ञा लिहिली होती. कारण सांगितल्याशिवाय राजालाही कुणा माणसाला कोंडता येणार नाही, आणि सभा पुन्हा भरेल त्या पहिल्याच दिवशी आम्ही हा ठराव मांडू, असा तिचा मजकूर. खाली बाराजणांनी सह्या केल्या. टोबायसने एक नक्कल केली, आणि दोन्ही कागद माझ्या पोटात पडले.

पिशवीला काय पोटात घ्यायचे ते निवडता येत नाही. त्या बारा नावांचे वजन चार पिसांएवढे असेल, पण मला वाटले कुणी तरी धोंडा ठेवला. लंडनच्या पुलाच्या दरवाज्यावर राजद्रोह्यांची मुंडकी भाल्यावर खोचून ठेवत. त्या पुलाखालून मी होडीतून कितीदा तरी गेले होते. तो कागद सापडला असता तर त्या भाल्यांवर बारा जागा लागल्या असत्या.

चार मार्चच्या सकाळी दार वाजले. राजवाड्याचे हुकूम बजावणारा अंमलदार आला होता. त्याचे नाव रॅफ ग्रिमशॉ. आडदांड माणूस, अंगाला तंबाखूचा वास. त्याच्या मागे दोन शिपाई होते.

"सर अँब्रोज, चला," तो म्हणाला. "तुमची अभ्यासिका मोहरबंद करायची आहे, आणि तुम्हाला टॉवरच्या तुरुंगात न्यायचं आहे. बायकोला डबा बांधायला सांगा. तिकडचं जेवण बेचव असतं म्हणतात."

"हुकूम दाखवा," अँब्रोज म्हणाले.

त्यांनी हुकूम वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला, मग खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा वाचला. मी खुंटीवर टांगलेली होते. माझ्या पोटात ते दोन कागद, आणि ग्रिमशॉची कोपरे माझ्यापासून वीतभर अंतरावर. मला तर वाटले, आता हा सहज हात घालणार.

"ग्रिमशॉ, आज साल कोणतं?"

"आं? सोळाशे अठ्ठावीस."

"बरोबर. सोळाशे एकोणतीस लागायला अजून एकवीस दिवस आहेत. इथे लिहिलंय चार मार्च, सोळाशे एकोणतीस. म्हणजे हा हुकूम आजपासून बरोबर एका वर्षानं लागू होतो. तुम्ही फार लवकर आलात. तरी बसा, बिअर घेणार?"

झाले होते असे, की आमच्या इंग्लंडात तेव्हा नवे साल पंचवीस मार्चला लागे आणि उत्तरेला स्कॉटलंडात एक जानेवारीला. राजा मूळचा तिकडच्या घराण्यातला, त्यामुळे दरबारात तिकडचे लेखनिक बरेच. त्यातल्या कुणीतरी आपल्या गावच्या सवयीने साल घातले होते. ग्रिमशॉचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

"साहेब, चेष्टा पुरे. सगळ्यांना माहीत आहे हुकूम आजचा आहे."

"सगळ्यांना माहीत असेल. कागदाला माहीत नाही. तुम्ही मला आज नेलंत तर हुकुमाशिवाय नेलंत असं होईल, आणि उद्या न्यायालयात त्याचा जाब मी तुमच्याकडे मागेन. राजाकडे नाही, तुमच्याकडे."

ग्रिमशॉने कागद हिसकावून घेतला. "दुपारपर्यंत सुधारून आणतो," तो दात ओठ खात म्हणाला. "कुठे जाऊ नका." दोन शिपाई दाराबाहेर उभे करून तो गेला. माझ्या जिवात जीव आला. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटे नाही.

अर्सुलाबाई धावत आल्या. "अहो, मागच्या दारानं नदीवर जा. माझा चुलतभाऊ होडी देईल. उद्या हॉलंडला पोचाल."

"मी पळालो तर लोक म्हणतील, याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी होतं. मग त्या कागदातलं एकही अक्षर कुणी खरं मानणार नाही."

"आणि राहिलात तर?"

"राहिलो तर त्यांना कारण सांगावं लागेल, अर्सुला. सांगता आलं नाही तर सगळं राज्य बघेल की त्यांना सांगता येत नाही."

अर्सुलाबाईंनी पदराने नव्हे, भरतकामाच्या रुमालाने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दुपारचा मासा तसाच करपला.

अँब्रोज यांनी टोबायसला बोलावले. "दोन्ही कागद जाळ. अस्सल आणि नक्कल, दोन्ही. मग गाडीत बस आणि मुलीकडे गावाला जा. तुला कुणी काही विचारायला नको." टोबायस "होय साहेब" म्हणाला. मला घेऊन तो मागच्या खोलीत गेला, चुलीपुढे बसला. नक्कल त्याने लगेच आगीत टाकली. अस्सल कागद हातात धरला आणि तसाच बसून राहिला. चाळीस वर्षे ज्याने अस्सल कागद जपले, उंदरांपासून वाचवले, पुरातून डोक्यावर धरून नेले, त्याला सह्यांचा कागद जाळता येईना. "अस्सल गेलं की गेलं," तो पुटपुटला. मग त्याने झटकन माझ्या अस्तराची वरची कड उसवली, कागद आत सरकवला आणि बारीक सरळ टाक्यांनी शिवून टाकला. मी ओरडले असते तर बरे झाले असते. पण पिशवीला तोंड असून आवाज नसतो.

मला स्वयंपाकघरात कांद्यांच्या माळेमागे टांगून टोबायस गेला. अँब्रोज यांनी चुलीतली राख पाहिली आणि समाधानाने मान हलवली. तिसऱ्या प्रहरी ग्रिमशॉ सुधारलेला हुकूम घेऊन आला. दरबारात त्याला भरपूर बोलणी खावी लागली होती, ते त्याच्या तोंडावरच दिसत होते. अभ्यासिकेच्या दारावर लाखेची मोहर बसली. अँब्रोज यांनी टोपी घातली, अर्सुलाबाईंच्या कपाळाचे चुंबन घेतले आणि ते चालत गेले. कांद्यांच्या वासात मी एकटी राहिले. बारा माणसांचे प्राण माझ्या अस्तरात आहेत, हे आता जगात दोघांनाच ठाऊक होते. त्यातला एक तीन दिवसांच्या वाटेवर गेला होता, आणि दुसरी मी.

नऊ दिवसांनी अर्सुलाबाईंना भेटीची परवानगी मिळाली. त्यांना धुतलेले सदरे आणि खाणे न्यायला काहीतरी हवे होते. चांगल्या पिशव्या, पेट्या सगळ्या मोहरेआड. त्यांनी कांद्यांमागून मला ओढले. तो उपासाचा महिना, मांस वर्ज्य. म्हणून कणकेच्या जाड कवचात भाजलेली वाम मासळी माझ्यात ठेवली, वर सदरे. नका नेऊ, बाई, नका नेऊ, मी मनातल्या मनात विनवत होते. सिंहाच्या गुहेत आपणहून चाललो होतो आम्ही.

टॉवरच्या दारावर पहारेकऱ्याने माझ्यात मनगटापर्यंत हात घातला. चिठ्ठी असेल म्हणून वामेचे कवच मधोमध फोडले, सदऱ्यांच्या बाह्या पिळल्या. त्याच्या नखांची टोके अस्तरावरून फिरली. पण कवचातला रस त्याच्या हाताला लागला म्हणून तो चडफडत बाजूला झाला.

कोठडीत ग्रिमशॉच होता. अँब्रोज यांच्यावर नजर ठेवायला त्यालाच नेमले होते. चूक ज्याच्या माथी आली त्यालाच कुजत ठेवायचे, अशी दरबाराची रीत असावी.

"या बाई, या," तो म्हणाला. "तुमच्या यजमानांना जरा समजावा. त्या दिवशी तुमच्या घरी कोण कोण जमलं होतं, एवढी नावं सांगितली की झालं. लेखी वचन आहे वरून. आज नावं द्या, आज संध्याकाळी आपल्या चुलीपाशी बसा. नाहीतर ही भिंत आहेच. इथल्या ओलीनं तरणीताठी माणसं खोकून खोकून मेलीत, आणि साहेब काही तरणे नाहीत."

अँब्रोज हसले. नऊ दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते. "कणकेचा वास छान येतोय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यात हात घातला.

त्यांची बोटे सदऱ्याखालून गेली, अस्तराच्या कडेला लागली आणि थांबली. मी आधीच सांगितले, त्या बोटांना डोळे होते. त्यांना घडीचा कागद कळला. टोबायसचा टाका कळला. ती कायम गार असणारी बोटे माझ्या आत एकदम गरम झाली. एवढे घाबरलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते, पहिल्या खटल्यातही नाही.

"अर्सुला," ते हळूच म्हणाले, "हे सगळं काढून घे आणि ही पिशवी घरी ने. आता हिला घरीच राहू दे."

ग्रिमशॉने मान वर केली. "पिशवीची एवढी काळजी? बघू इकडे." त्याने मला ओढून घेतले. सदरे जमिनीवर पडले. त्याने माझे तोंड फाकवले, मला हलवले आणि कान लावला. मग कमरेचा सुरा काढला.

मित्रांनो, सुऱ्याचे टोक अस्तराला लागले तेव्हा मला वाटले, संपले. एक टाका तुटलासुद्धा.

"फाडा," अँब्रोज म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण मांडीवरचे हात त्यांनी घट्ट दाबून धरले होते. "अवश्य फाडा. पण ही माझ्या बायकोची वस्तू आहे, माझी नाही. तिच्यावर कसलाही आरोप नाही. तेव्हा आधी लिहून द्या. कुणाच्या आज्ञेनं फाडली, कोणत्या कारणानं, आणि खाली तारीख घाला."

"तारीख?" ग्रिमशॉचा हात थांबला.

"दिवस, महिना, साल. साल कोणतं घालायचं ते मात्र नीट ठरवा. मागच्या वेळी तुमची फार ओढाताण झाली."

ग्रिमशॉच्या कपाळावर घाम आला. मला वाटले होते, या जगात भिणारी मी एकटीच. त्या क्षणी तोही माझ्याएवढाच भ्याला होता. आज्ञा कुणाची, हे त्याला सांगता येईना. कारण काय, हेही येईना. आणि लेखी तारखेचा तर त्याने धसकाच घेतला होता.

"न्या हे चिंधूक!" तो ओरडला आणि त्याने मला अर्सुलाबाईंच्या अंगावर फेकले. "भेट संपली."

टॉवरबाहेरच्या टेकडीवर त्या एका पायरीवर बसल्या. नवऱ्याचा चेहरा वाचायला त्यांना कायद्याची पुस्तके लागत नव्हती. त्यांनी माझे अस्तर चाचपले, तुटलेल्या टाक्यात बोट घातले आणि सबंध कड उसवून कागद बाहेर काढला. त्या वाचू लागल्या. बारा नावे. नववे नाव फिलिप ऑर्डवे यांचे. त्यांच्या तान्ह्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी अर्सुलाबाईंनीच हातात धरले होते.

त्यांनी कागदाची घडी केली, माझ्यात टाकला, माझे तोंड आवळले आणि त्या चालू लागल्या.

आता मला काही दिसत नव्हते. मी वासांवरून आणि आवाजांवरून वाट ओळखत होते. आधी मासळी बाजार. मग मोठ्या देवळाजवळचे पुस्तकविके. मग फ्लीट नाल्याची दुर्गंधी. त्यानंतर घंटा वाजवणारे एक देऊळ लागते, आणि तिथून उजवीकडे वळले की आमची गल्ली.

त्या वळल्या नाहीत. सरळ चालत राहिल्या. सरळ वाट राजवाड्याकडे जाते.

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्या वाटेत एकदाच बोलल्या, स्वतःशीच. "रात्रभर खोकत असतील," एवढेच. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यांच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदाच्या बदल्यात त्यांचा माणूस संध्याकाळी घरी आला असता. तुमच्या आमच्या हातात असता तर काय केले असते, ते छातीवर हात ठेवून सांगणे कठीण आहे. मी मात्र ऑर्डवे यांच्या मुलीचा विचार करत होते. मी तिला कधी पाहिलेही नव्हते.

राजवाड्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. तो गावाकडचा साधा माणूस असावा, आवाजात गुर्मी नव्हती.

"कुणाला भेटायचंय, बाई? काय कारण आहे?"

अर्सुलाबाईंचा हात माझ्या दोरीवर गेला.

"कारण सांगावं लागेल, बाई. त्याशिवाय आत सोडता येत नाही."

माझ्या तोंडाची दोरी त्यांनी इतकी आवळली होती की अजून तिथे वळ आहे. त्यांना ते कारण मोठ्याने उच्चारता आले नाही. तीस वर्षे ज्या माणसाने जगाला कारण विचारले, त्याची बायको होती ती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "वाट चुकले." आणि मागे फिरल्या.

घरी येऊन त्या चुलीपाशी बसल्या. कागद आगीत टाकतील असे मला वाटले. मी तर त्याचीच वाट पाहत होते, एकदाची सुटले असते. पण त्यांनी सुई ओवली. "हा जाळला तर ते कशासाठी आत बसलेत, त्याचं कारणच उरणार नाही," त्या मला म्हणाल्या. माझ्याशी त्या पहिल्यांदाच बोलल्या. आणि त्यांनी कड शिवली. पहिला टाका तिरका गेला, दुसरा लांब, तिसरा दुसऱ्यावर चढला. सुई तीनदा बोटात घुसली. तो रक्ताचा डाग हिरव्या रंगात आता दिसत नाही.

पुढच्या भेटींना त्या वेताची टोपली नेत. "पिशवी?" अँब्रोज यांनी एकदाच विचारले. "घरी टांगली आहे," त्या म्हणाल्या. अँब्रोज यांनी मान हलवली. त्यांचा खोकला वाढला होता. दर भेटीत ग्रिमशॉ नावे मागे, आणि दर भेटीत अँब्रोज विचारत, "माझ्यावरच्या आरोपाचं कारण लिहून आणलंत का?" तिसऱ्या हिवाळ्यात ते गेले. कारण कुणी शेवटपर्यंत सांगितले नाही. बातमी आली तेव्हा अर्सुलाबाई माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि मला छातीशी धरून रडल्या. मीही रडले असते.

सभा अकरा वर्षे भरलीच नाही. मी कांद्यांमागे धूर खात राहिले. घरच्यांना वाटे, बाईंना त्या जुन्या पिशवीची माया आहे. मला उंदीर लागले, कसर लागली, पण बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. अखेर सभा भरली. पांढऱ्या केसांच्या अर्सुलाबाई मला घेऊन सभागृहाच्या जिन्यापाशी गेल्या. बायकांना आत प्रवेश नव्हता. बाराजणांपैकी सात उरले होते. फिलिप ऑर्डवे खाली आले, तेही पिकले होते. त्यांची मुलगी अकरा वर्षांची झाली होती. बाईंनी कडेचे अर्धेच टाके उसवले, दोन बोटांनी कागद बाहेर ओढला आणि त्यांच्या हातात दिला. ऑर्डवे यांनी आपली सही पाहिली आणि ते जिन्यावरच बसले.

"हा तुमच्याकडे होता?" ते म्हणाले. "आणि केल्स्टन आत असताना तुम्ही..."

"जा, वाचून दाखवा," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी मांडायचं ठरलं होतं ना?"

आतून वाचण्याचा आवाज येत होता. बाई जिन्याशी उभ्या राहून ऐकत होत्या आणि मी त्यांच्या हातात होते, रिकामी. कारण सांगितल्याशिवाय माणसाला कोंडता येऊ नये, असा कायदा पुढे झाला. त्या कागदाचे काय झाले मला ठाऊक नाही. मी मात्र माळ्यावर गेले, पेटीत गेले, वारसांकडून वारसांकडे गेले आणि इथे आले. चिठ्ठीवर सर अँब्रोज यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. दुसरे नाव नाही.

मित्रांनो, शेजारच्या पेटीतली ती उशी, डाळिंबांची आणि पाखरांची, जिचे त्या बाईंनी एवढे कौतुक केले, तीही अर्सुलाबाईंनीच भरलेली आहे. हात तोच आहे. माझ्या अस्तरात अर्धी ओळ उरली आहे, ती कुणा अडाणी मोलकरणीची नाही.

तेव्हा जुनी वस्तू हातात आली तर तिला जपा, आणि नीटनेटकी करण्याआधी तिला एकदा विचारा. उद्या गुरुवार आहे. दाराशी बूट वाजतील, कात्री बाहेर निघेल. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल तर पुढे व्हा आणि त्या बाईंना एवढेच म्हणा : कापण्याआधी कारण सांगा. आणि हेही सांगा, की ते टाके घालताना अर्सुलाबाईंचा हात थरथरत होता.